माती आमची, मग निष्कर्ष कुणाचे?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत विदर्भाच्या आणि शेजारच्या मराठवाड्याच्या मातीने जगाच्या ज्ञानात मोलाची भर घातली आहे. पण ज्या घरांच्या अंगणातून हे ज्ञान उचलले गेले, त्या घरांना त्याचा पत्ता नाही. मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट बोचल्याशिवाय राहत नाही. दोष कुणाचा, याचा निवाडा एकदा मोकळेपणाने व्हायला हवा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी काही उदाहरणे पाहू. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनोसॉरच्या विष्ठेचे अश्मीभूत गोळे सापडतात. भारतीय व परदेशी संशोधकांनी ते तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींतील सूक्ष्म सिलिकाकण आढळले, तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. हा शोध २००५ साली प्रसिद्ध झाला. तोवर डायनोसॉरच्या काळी पृथ्वीवर गवत नव्हते असे मानले जाई. ज्वारी, भात, ऊस, बांबू ही सारी गवताचीच भावंडे. ज्यांच्या शेतात ज्वारी डोलते, त्यांच्याच जमिनीने ज्वारीच्या कुळाचा इतिहास साडेसहा कोटी वर्षांपलीकडे नेला. हे आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

आमच्या वाशिम जिल्ह्याच्या पश्चिमेला बुलढाणा जिल्हा, आणि त्यात लोणार. काळ्या बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. त्याचे वय पन्नास-बावन्न हजार वर्षे, असे आपण वर्षानुवर्षे घोकले. २०११ साली आर्गॉन वायूवर आधारित कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आकडा दहापटीहून अधिक बदलला, पण आपली पाठांतरे बदलली नाहीत. २०२० च्या जूनमध्ये तेथील पाणी गुलाबी झाले, तेव्हा कुणी त्यात दैवी कोप पाहिला, तर कुणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितले, की पाणी आटून क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने हा रंग आला. अफवा गावोगाव पोहोचली. खुलासा तिच्या मागे धापा टाकत राहिला.

दक्षिणेला हिंगोली जिल्हा. तेथे औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. अशाच वेधशाळांनी अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली लहर प्रथम टिपली. तिच्यामुळे चार किलोमीटर लांबीच्या बाहूत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. अशा क्षीण लहरी गोंगाटातून वेचून काढण्याच्या गणिती पद्धती घडवण्यात पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. वेधशाळा आपल्या शेजारी, गणितात मराठी माणसाचा हात. आणि आपल्या गावी चर्चा कसली? तर जमिनीला भाव किती आला, याची.

निसर्गविज्ञानाचे हे, तर समाजविज्ञानाचे दुखणे त्याहून खोल. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा अभ्यास मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांनी केला आणि २००६ साली तो सरकारला सादर झाला. त्यासाठी वर्धा, वाशिम व यवतमाळ या जिल्ह्यांतील शोकाकुल घरांत जाऊन चौकशी झाली. तुलनेसाठी आत्महत्या न घडलेली घरेही अभ्यासली गेली. कर्ज हे मोठे कारण होतेच. पण घसरलेली आर्थिक स्थिती, घरातील तंटे, आजार अशी अनेक कारणे एकाच घरात एकत्र येतात, हे त्यातून दिसले. शेजाऱ्याने वेळीच ओळखावीत अशीच ही लक्षणे. मग ती शेजाऱ्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितली? ज्या विधवांनी डोळे पुसत उत्तरे दिली, त्यांच्या हाती काय पडले?

माझा आक्षेप नेमका येथे आहे. आमची माती, आमचे पाणी, आमचे दुःख हे सारे संशोधनाचा कच्चा माल म्हणून बाहेर जाते आणि पक्का माल इंग्रजी नियतकालिकांच्या कुलूपबंद कपाटात राहतो. पूर्वी वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जाई, तो निदान कापड होऊन परत तरी येई, भले महाग का असेना. ज्ञान तेवढेही परतत नाही. सार्वजनिक पैशाने चाललेल्या संस्थांना हे शोभत नाही.

हे असेच चालायचे, असे कुणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. ३९ गावांत हा प्रयोग झाला, तुलनेसाठी ४७ गावे होती. प्रयोगाच्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले आणि जगभरच्या तज्ज्ञांनी ते वाचले. पण २००१ साली महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल मराठीत निघाला, तेव्हा राज्यात खळबळ उडाली आणि सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. इंग्रजीतील निबंधाने विद्वानांना पटवले. मराठीतील अहवालाने सत्तेला जाब विचारला. दोन्ही कामे आवश्यक होती आणि दोन्ही त्याच माणसांनी केली.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. विज्ञानाची भाषा इंग्रजीच, असे ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. बेल्जियमचे धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी विश्व प्रसरण पावत असल्याचा निबंध १९२७ साली फ्रेंचमध्ये लिहिला. १९३१ साली इंग्रजी भाषांतर होईपर्यंत त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. म्हणून जगासाठी इंग्रजीत लिहू नका, असे मी म्हणतच नाही. मी म्हणतो, जगाला सांगून झाल्यावर घरीही सांगा. आणि विश्वाच्या आरंभाच्या शोधाने श्रद्धा डळमळेल अशी धास्ती आपल्यातील ज्या कुणाला वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे, की त्या शोधाचा एक जनक रोज मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरूच होता.

मराठीत शब्द नाहीत, हा दुसरा आक्षेप. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढून भूगोल, पदार्थविज्ञान मराठीत आणले, तेव्हा शब्द कुठे तयार होते? ते वापरून तयार झाले. जयंत नारळीकर २०२५ साली गेले. जागतिक कीर्तीचा हा खगोलशास्त्रज्ञ आयुष्यभर मराठीत लिहीत राहिला. त्याला शब्दांची वाण पडली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. जी भाषा आजच्या शोधांविषयी बोलत नाही, तिचे अभिजातपण देव्हाऱ्यातल्या चांदीच्या भांड्यासारखे: पूजेपुरते बाहेर काढायचे आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचे.

भुकेल्या शेतकऱ्याला कृष्णविवरांचे काय, असा तिसरा प्रश्न. तो कळवळ्यातून येतो, म्हणून त्याचा मान राखून उत्तर देतो. गरिबाला भाकरीच कळते आणि नवल कळत नाही, असे आपण कधी ठरवले? कोरड्या रात्री ढगांकडे पाहणाऱ्याला आकाशाबद्दल आपल्याइतकेच कुतूहल असते. त्याला कुतूहल नाकारणे हीदेखील एक उपासमार आहे.

मात्र संस्थांना दोष देऊन आपले हात धुता येणार नाहीत. वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरांत विज्ञान येते ते प्रवेशपरीक्षेच्या वाटेने आणि निकाल लागला की त्याच वाटेने निघून जाते. मुलगा विज्ञान शाखेला गेला याचा आपल्याला अभिमान. त्याने या वर्षात परीक्षेबाहेरचे विज्ञानाचे एक तरी पान वाचले का, हे आपण विचारत नाही. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद अजून पत्रिका काढते, पुण्याचे 'सृष्टिज्ञान' १९२८ पासूनचे. यांपैकी एक तरी आपल्या धर्मग्रामांच्या वाचनालयांत येते का?

म्हणून मागण्या दोन. पहिली संस्थांकडे: ज्या गावाची माती, पाणी, रक्त किंवा बोली तुम्ही अभ्यासासाठी नेता, त्या गावाच्या ग्रामपंचायतीला आणि शाळेला निष्कर्षांचा दोन पानांचा मराठी गोषवारा पाठवा. ही मेहेरबानी नव्हे, देणे आहे. दुसरी आपणांकडे: या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात चार पाने नव्या संशोधनासाठी राखावीत आणि आपल्यातील शिक्षक, परिचारिका, कृषिपदवीधर यांनी ती लिहावीत. तीन महिन्यांतून एका रविवारी ती सभागृहात वाचून त्यांवर बोलावे.

गोषवारा येईल त्या दिवशी तो वाचणारा कुणी गावात असला पाहिजे. तेवढी तयारी आपली आपणच करायची आहे, आणि तिला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.