हट्टी माणसाचं काय करायचं?

माझं गाव हट्टा, जिल्हा हिंगोली. होस्टेलवर पहिल्याच दिवशी 'म्हणूनच हट्टी!' अशी चेष्टा झाली. तेव्हा या विषयावर लिहायचा हक्क मला आहेच.

इंटरव्ह्यूत सगळे 'इनिशिएटिव्ह' मागतात. पण रुजू झाल्यावर "साहेब, हे चुकतंय" म्हणणारा पोरगा चार महिन्यांत डोळ्यांत खुपायला लागतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवत होते. त्यांची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली. त्यांनी सरळ राजीनामा दिला आणि बेळगावला जाऊन सायकलींचा धंदा धरला. पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात, तरी माणूस हटला नाही. 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. स्वतः मालक झाल्यावर त्यांनी तुरुंग भोगून आलेल्यांना राखणीचं काम दिलं!

संस्थेनं माणूस गमावला, देशाला नांगर मिळाला. पण प्रत्येक डावललेला माणूस किर्लोस्कर होत नाही. बहुतेक जण राजीनामा देतच नाहीत, नुसते गप्प बसतात. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

मग प्रत्येक बंडखोर बरोबर का? नाही. आमच्याकडे एक वायरमन परमिट न घेताच खांबावर चढायचा. हळदीला पाणी मिळायचं, गाव कौतुक करायचं, मलाही तो हिरो वाटायचा. आता इलेक्ट्रिकलला आल्यावर कळतं, परमिट म्हणजे कागद नव्हे. लाईनवर माणूस आहे, चालू करू नका, हा सबस्टेशनला दिलेला निरोप असतो. तो न देता चढणं हे धाडस नाही, जिवाशी खेळ आहे.

साहेबानं त्याला थांबवायलाच हवं. पण नुसता मेमो देऊन काम अर्धंच होतं. हा परमिट का घेत नाही, हेही विचारायला पाहिजे. परमिटला दोन तास लागत असतील अन् तिकडे पीक वाळत असेल, तर माणसाबरोबर पद्धतही दुरुस्त करावी लागेल. नियम कुठे टोचतो हे सगळ्यात आधी बंडखोरालाच कळतं.

मित्रांनो, उद्या आपल्याही हाताखाली असा एखादा हट्टी येईल. जिवाच्या बाबतीत त्याला तसूभरही सूट देऊ नका. बाकी सगळ्या बाबतीत आधी त्याचं ऐका. तो बोलतोय, म्हणजे अजून त्याला कामाची पर्वा आहे.