माथ्यावर थांबू

ऑफिसमध्ये मी दोन गोष्टींसाठी (बद)नाम आहे. एक म्हणजे शनिवार-रविवारी दोनशे-तीनशे किलोमीटर सायकल हाणून सोमवारी कठडा धरून जिना उतरणारा. आणि दुसरं म्हणजे बेसमेंटमधल्या एसयूव्हींच्या रांगेत १९९८ सालची मारुती ८०० लावणारा. गाडी माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान आहे. बाबांनी घेतली, मी तिच्या मागच्या सीटवर बसून प्रत्येक घाटात ओकलो, पुढे तिच्यावरच ड्रायव्हिंग शिकलो, आणि चार वर्षांपूर्वी बाबांनी किल्ली माझ्या हातात देऊन "आता तू बघ" म्हटलं. तेव्हापासून बघतोय.

तर परवा लंचला टीममधल्या एका नवीन पोराने विचारलं, "तुझ्या या दोन्ही छंदांत कॉमन काय आहे?" मी काही बोलायच्या आत शेजारचा म्हणाला, "जिद्द रे! हा काही सोडतच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही हसलो आणि डब्यातली भेंडी संपवली.

पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यात अडकलंय. कारण या दोन्ही छंदांत माझं आजवर जे काही नुकसान झालंय ना, ते सगळं याच जिद्दीपायी झालंय. माझं तर आता असं मत झालंय की आपण या शब्दाचं जरा जास्तच कौतुक करतो.

आधी गाडीचं सांगतो. मे २०२४. बाबांना घेऊन वाईला निघालो होतो, नात्यातलं लग्न. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग होती. तिथे उभं असताना टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला. टोल ओलांडून गाडी पळायला लागली तसा परत खाली आला. मी म्हटलं, चला, बसला जागेवर. आता ज्यांनी जुनी ८०० वापरलीय त्यांना इथेच कळलं असेल काय झालं होतं ते. गाडी पळत असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर गार ठेवतो. गाडी उभी राहिली किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायला लागली की ते काम इलेक्ट्रिक फॅनचं. म्हणजे उभं असताना चढणारा आणि पळताना उतरणारा काटा सांगत होता, "बाबा रे, फॅन फिरत नाहीये." इतकं स्वच्छ सांगत होता. आमच्या सर्व्हरचे एरर मेसेजसुद्धा इतके स्पष्ट नसतात!

पुढे खंबाटकी. दुपारचे बारा, समोर ट्रकची रांग, दुसरा गिअर. काटा पाऊण झाला. बाबा म्हणाले, "काटा बघ रे." मी म्हटलं, "बघतोय बाबा, माथ्यावर थांबू." पुढच्या वळणावर ते परत म्हणाले, "एसी बंद कर, हीटर पूर्ण सोड, आणि बाजूला घे." हीटर सोडला की इंजिनातली थोडी उष्णता केबिनमध्ये येते. भर मे महिन्यात आपण भाजून निघतो, पण इंजिनाला तेवढाच आराम. मी एसी बंद केला, हीटर सोडला, पण बाजूला काही घेतली नाही. दोनच तर वळणं राहिली होती! बाबा गप्प बसले.

माथा आलाच नाही. आधी वाफ आली, मग ताकद गेली. उतरून बॉनेट उघडलं आणि मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तेव्हा बाबा असे ओरडले की तसे मी दहावीत गणितात ५२ पडले तेव्हाही ओरडले नव्हते. (गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, थेट तोंडावर येतं.)

लग्न बुडालं. हेड गॅस्केट गेलं होतं, ऑइलचा रंग दुधाच्या कॉफीसारखा झालेला. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकडं झालं होतं, ते लेथवर फेसिंगला टाकावं लागलं. गॅस्केटसाठी नाना पेठेत दोन चकरा झाल्या. तीन आठवडे आणि चौदा हजार रुपये. मूळ बिघाड काय होता? फॅन चालू करणारा थर्मोस्विच. काहीशे रुपयांचा. मिस्त्रींनी तो जुना स्विच माझ्या हातावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. बाबाही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

लहानपणी आम्ही महाबळेश्वरला जायचो तेव्हा बाबा खंबाटकीच्या पायथ्याला हमखास थांबायचे. चहा, बॉनेट उघडं, वीस मिनिटं. मी आणि ताई वैतागायचो, कारण मागून आलेल्या सगळ्या गाड्या पुढे निघून जायच्या. आम्हाला वाटायचं बाबा घाबरट आहेत. त्या घाबरटपणावर ती गाडी पंचवीस वर्षं मूळ गॅस्केटवर चालली, आणि मी शूर, मी ते तीन वर्षांत उडवलं.

आता तुम्ही म्हणाल, चला, धडा मिळाला. मलाही तसंच वाटलं होतं. तेव्हा आता सायकलचं.

बीआरएम हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही शर्यत नसते, नंबर काढत नाहीत. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पूर्ण करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एका सीझनमध्ये चारही केले की तुम्ही 'सुपर रँडोनिअर'. रस्त्यात तुमच्या मागे मदतीची गाडी चालत नाही, पंक्चर झालं तर स्वतः काढायचं, चेन तुटली तर स्वतः जोडायची. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, आणि जुन्या गाडीतही हेच आवडतं. समोर बिघाड, जवळ पान्हे, कस्टमर केअर नावाची भानगड नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये मी ३०० ला उतरलो. पुण्याहून निघून कऱ्हाडच्या अलीकडून वळायचं आणि परत. शूज नवे होते. क्लीट्स मी गुरुवारी रात्री, यूट्यूब बघत, लावल्या होत्या. इव्हेंटच्या दिवशी नवीन काहीही वापरायचं नाही हा नियम मी स्वतः चार जणांना शिकवलाय :-)

साताऱ्याच्या पुढे परत येताना, १९० किलोमीटरच्या आसपास, उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचायला लागलं. आता इथे एक फरक सांगतो, जो मला तेव्हाही पुस्तकी माहीत होता. दमणं वेगळं आणि दुखणं वेगळं. दमतात ते दोन्ही पाय. दमणं लाटेसारखं येतं, केळं खाल्लं, इलेक्ट्रॉल प्यायलं, दहा मिनिटं बसलं की ओसरतं. इजा मात्र बहुतेक वेळा एका बाजूला, एका बिंदूवर येते आणि प्रत्येक पॅडलला वाढत जाते. घाटात चढलेला काटा सपाटीला उतरला तर ठीक, चढलेलाच राहिला तर गाडी बाजूला. अगदी तेच.

मी काय केलं? माथ्यावर थांबू. १९० नंतर ३०० पर्यंत ओढली. १९ तास १० मिनिटं. मेडल मिळालं, फोटो टाकला, लाइक्स आले. मग सहा आठवडे जिना उलटा उतरत होतो आणि चार महिने सायकलला हात लावला नाही. ४०० आणि ६०० अर्थातच गेले.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी विचारलं, "कधी दुखायला लागलं?"
"१९० ला."
"आणि थांबलात कधी?"
"३०० ला."
त्यांनी कागदावर दोन्ही आकडे लिहिले, बस.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. तो फोटो टाकल्यावर एकानेही विचारलं नाही की दुखत असताना थांबला का नाहीस. सगळे म्हणाले, "मान गये!" आमच्या ग्रुपवर जो मधे सोडून देतो त्याला "काही नाही रे, नेक्स्ट टाइम" म्हणतात, म्हणजे बिचाऱ्याचं सांत्वन करतात. जो गुडघा फोडून पूर्ण करतो त्याचे सत्कार. ऑफिसात तरी काय वेगळं? दोन रात्री जागून रिलीज करणाऱ्याला अवॉर्ड. आणि ज्याने महिनाभर आधी सांगितलं की डेट पुढे ढकला, तो निगेटिव्ह! आपण विशी-तिशीतले लोक सहनशक्ती म्हणजे सहन करण्याची शक्ती असं शब्दशः धरून बसलोय. जास्त अंतर जाणारे जुने सायकलवाले बघा, ते सतत थांबत असतात. चेन पुसतात, सॅडल दोन मिलिमीटर खाली घेतात, मोजे काढून पाय बघतात. बाबांच्या बॉनेट उघडण्यासारखंच.

एक मुद्दा इथे येणारच, कारण तो मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. सायकल चालवतोस आणि वर असली धूर ओकणारी जुनी गाडी? याला माझ्याकडे चकचकीत उत्तर नाही. कार्बोरेटरची गाडी दर किलोमीटरला आजच्या बीएस-६ गाडीपेक्षा बरंच जास्त प्रदूषण करते, हे खरं आहे. नवीन गाडी बनवायलाही प्रदूषण होतंच की, हा युक्तिवाद मीही फेकलाय. पण टेम्पोच्या धुरामागे घाट चढताना तो युक्तिवाद फारसा टिकत नाही. मी इतकंच करतो की ती वर्षाला दोन हजार किलोमीटरपेक्षा जास्त चालवत नाही, आणि पीयूसीआधी ट्युनिंग करतो, पीयूसीपुरतं नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून रबराचे सगळे जुने पाइप बदलले, कारण इथेनॉल त्यांना खातं. सरकारनेही आपलं मत कळवलंय म्हणा: २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या कारचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला ६०० चे ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांसाठी १०,०००. माझं २०२८ मध्ये येतंय. तेव्हा कदाचित तिलाही थांबवावं लागेल. हेही मी आता तोंडाने म्हणू शकतो, आधी म्हणता येत नव्हतं.

असो. गेल्या महिन्यात परत ३०० ला उतरलो. तोच रस्ता, क्लीट्स नीट लावून घेतलेल्या. २२५ किलोमीटरला, सुरूर फाट्याच्या जरा अलीकडे, तिथेच टोचलं. तोच गुडघा, तीच जागा. संध्याकाळचे आठ. ७५ किलोमीटर राहिले होते आणि हातात पाच तास. आरामात झालं असतं, म्हणजे पूर्ण झालं असतं. चहाच्या टपरीवर पंधरा मिनिटं बसलो, परत बसून दोन किलोमीटर चालवून बघितलं. काटा उतरला नाही. फाट्यावर उतरलो, आयोजकांना फोन करून कळवलं की मी सोडतोय, आणि मग घरी फोन लावला.

बाबा म्हणाले, "तिथेच थांब. येतो."

पावणेअकराच्या पुढे ते ओळखीचे दोन पिवळट हेडलाइट दिसले. सायकलचं पुढचं चाक काढलं, मागची सीट पाडली, कशीबशी कोंबली. मी विचारलं, "उशीर झाला? ट्रॅफिक होतं का?"

"नाही रे. घाटाच्या आधी वीस मिनिटं थांबलो होतो."