मागच्या दाराची मुले

शाळेतून चिठ्ठी येते : ‘मुलगा हाताने काम चांगले करतो, पण वर्गात बोलत नाही, कोणात मिसळत नाही. त्याची सामाजिक कौशल्ये कमी पडतात.’ चिठ्ठी वाचून आई घाबरते, वडील मुलावर ओरडतात, आणि आठवड्यातून एक तास शाळेतली योएत्सेत त्याला मित्र कसे जोडावेत ते शिकवते. दिमोना, बेर-शेवा, लोद, अश्दोद, कुठल्याही गावी आपल्या लोकांत बसा. ज्या घरातले मूल व्यावसायिक शाखेत आहे, त्या घरी अशा चिठ्ठीची गोष्ट निघतेच.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ही चिठ्ठी चुकीच्या पत्त्यावर येते.

ज्या मुलाला शाळा मुकी समजते, तोच मुलगा मलिद्याच्या दिवशी शंभर पाहुण्यांत ताटे फिरवतो, आजीला हात धरून खुर्चीवर बसवतो, अनोळखी माणसाला ‘काका, या’ म्हणतो. त्याच मुलाला लेथवर उभा करा. खालच्या वर्गातल्या पोराला तो हत्यार कसे धरावे ते न चिडता दहा वेळा सांगेल. मग वर्गातच त्याची जीभ का अडते? एक कारण आपल्या घरातले आहे. मोठ्यांचे बोलणे चालू असताना मध्ये तोंड घालू नये, हे आपण त्याला शिकवले. इथल्या वर्गात जो मध्ये बोलतो तो हुशार, गप्प बसतो तो मठ्ठ. आपल्या घरची अदब शाळेच्या वहीत उणीव म्हणून लिहिली जाते.

दुसरे कारण अधिक मोठे आहे. आम्ही पाहिलेल्या एका शाळेत वर्कशॉप मागच्या आवारात आहे आणि त्याला वेगळे फाटक आहे. वार्षिक सहलीला त्या मुलांची बस वेगळी. समारंभात व्यासपीठावर बगरूतच्या वर्गातली मुले, आणि खुर्च्या उचलायला वर्कशॉपातली. तीन वर्षे ज्याला शाळेने पुढच्या दाराने आत घेतले नाही, त्याला ‘तू मिसळत नाहीस’ असे कोणत्या तोंडाने सांगता? आपलेपणा आधी लागतो, बोलणे मागून येते. परक्याच्या घरात कोणीही अंग चोरूनच बसतो.

हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. १९६२ साली धर्मपीठाने आपल्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला, तेव्हा आपण यहुदी असूनही दाराबाहेर होतो. त्या वेळी आपल्या वडीलधाऱ्यांनी ‘आम्हांला चांगले वागायला शिकवा’ अशी विनवणी केली नाही. ते जेरुसलेमला जाऊन धरणे धरून बसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहोत असे ठरवले. दार उघडल्यावर आपल्या लोकांना बोलता येते, हे सर्वांनी पाहिले. मग आपल्याच मुलांच्या वेळी आपण गप्प का?

कोणी म्हणेल, व्यावसायिक शाखा हाच अन्याय आहे. सर्वांनाच बगरूतला घाला. या बोलण्यात तथ्य आहे. विकासनगरांतल्या मुलांच्या हाती पान्हा देऊन पुस्तक काढून घेतले गेले, ही आमची जुनी तक्रार. योसी शवीत या समाजशास्त्रज्ञानेही १९८४ साली दाखवले, की शाखांची ही वाटणी आशिया-आफ्रिकेतून आलेल्या घरांतील मुलांना उच्च शिक्षणापासून दूर ठेवते. तो लढा चालूच ठेवावा. तंत्रशाखेच्या प्रत्येक मुलाला बगरूतची वाट आणि पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षाची हंदसाईची वाट उघडी असली पाहिजे. पण तो लढा जिंकेपर्यंत आज वर्कशॉपात उभा असलेला मुलगा थांबू शकत नाही. त्याला आजच शाळा आपली वाटली पाहिजे, नाहीतर एक दिवस तो फाटकापर्यंत जाईल आणि तिथूनच परत फिरेल.

आता आपल्याकडे वळू. आपल्या सभांत बगरूत झालेल्यांचा सत्कार होतो, फोटो निघतात. हंदसाई झालेल्या मुलीचे, वेल्डिंगचे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलाचे नाव कोणी घेते काय? लग्नाच्या गोष्टी निघाल्या की आपण आवाज खाली करून सांगतो, ‘तो कारखान्याच्या शाळेत होता.’ आपले पूर्वज कोकणात घाणा चालवीत होते. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हाताच्या कामाने पोट भरले आणि शाब्बाथही राखला, याचाच आपण अभिमान सांगतो. तेल्याची नातवंडे लेथची लाज धरतात, हे शोभत नाही.

म्हणून वाचकहो, तीन गोष्टी करा. चिठ्ठी आली की मुलावर ओरडण्याआधी शाळेत जा आणि विचारा : आमचा मुलगा कोणत्या फाटकाने आत येतो? सहलीला कोणत्या बसमध्ये बसतो? समारंभात काय करतो? दुसरे, पालक समितीत उभे राहा. हिब्रू अडखळत असेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्या. पण खुर्ची रिकामी ठेवू नका. तिसरे, येत्या सत्काराच्या यादीत वर्कशॉपातली नावे घाला, आणि ती शेवटी नकोत, मध्येच घाला.

योएत्सेतचा तास वाईट नाही. ती बाई मनापासून काम करते, हे आम्हांला ठाऊक आहे. पण ज्याच्यासाठी दारच बंद, त्याला दार कसे ठोठवावे ते शिकवून काय उपयोग? आधी दार उघडा. मुलगा बोलेल, आणि कदाचित आपल्याला ऐकवेल तेही आपल्याला ऐकून घ्यावे लागेल.