कूळ की गुण?

तांबडी वाइन आमच्या पुष्कळ वाचकांस वर्ज्य असेल. परंतु पारख कुळावरून करावी की गुणावरून, हा प्रश्न कोणासही वर्ज्य नाही. बोर्दोच्या वाइनांची प्रतवारी १८५५ साली ठरली. पहिल्या वर्गात त्यानंतर प्रवेश मिळाला तो एकट्या मूताँ-रोथशिल्डला, १९७३ साली! पुढे १९७६ साली पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांची नावे झाकून चव घेतली, तेव्हा कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप पहिली आली आणि मूताँ दुसरी.

फ्रेंच वाइन मुरल्यावरच खुलते, असा बचाव तत्काळ पुढे आला. तो अगदीच पोकळ नव्हता. आडव्या बाटलीचे बूच ओले राहते. तळघराच्या काळोखात, बारा-तेरा अंशांच्या गारव्यात, वाइनचा तुरटपणा वर्षानुवर्षे निवत जातो. मग वाट पाहिली गेली, ती तीस वर्षे. २००६ साली त्याच वाइना पुन्हा चाखल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या ठरल्या.

ज्यांनी काळास पंच नेमले, त्यांनी काळाचा निवाडाही शिरसावंद्य मानावा. कुळाचा मान हवा असेल, तर दर पिढीने झाकल्या नावाने परीक्षेस बसावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.