झडपेवर उपचार आहेत, प्रतिबंध मागे

भारतात मायट्रल झडप आकुंचित होण्याचे प्रमुख कारण आजही ऱ्हुमॅटिक ताप, म्हणजेच संधिवाती ताप, हेच आहे. जपानचे शल्यविशारद कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फुग्याच्या कॅथेटर पद्धतीमुळे छाती न उघडता अशी झडप रुंदावता येते. मात्र झडपेतून मोठी गळती असल्यास किंवा डाव्या कर्णिकेत रक्ताची गुठळी आढळल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेली क्लिप गळतीवर उपयोगी पडते, आकुंचनावर नव्हे. यांत्रिक झडप बसविल्यास रक्त गोठू न देणारे औषध आजन्म घ्यावे लागते आणि नियमित रक्ततपासणीही अटळ ठरते. दवाखान्यापासून दूर राहणाऱ्या तरुण रुग्णांना, विशेषतः मातृत्वाची इच्छा असलेल्या स्त्रियांना, हे ओझे पेलणे कठीण जाते. म्हणूनच बालकांच्या घशातील स्ट्रेप्टोकोकस संसर्गावर वेळीच पेनिसिलीन देणे अधिक महत्त्वाचे ठरते.