जीपची मूळ संहिता

विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही भाषेने वस्तूला दिलेली मोठी पावती असते. ‘जीप’ या शब्दाला ती मराठीत केव्हाच मिळाली आहे. रोहा, म्हसळा किंवा श्रीवर्धनच्या नाक्यावर प्रवासी भरत उभी राहिलेली कोणतीही उंच, चौकोनी गाडी आपल्याकडे जीपच असते. ती कोणत्या कारखान्यातून बाहेर पडली याची चौकशी कोणी करीत नाही. नाव आकाराला नव्हे, कामाला दिलेले आहे. याच किनाऱ्यावर शनिवार-रविवारी दुसरा एक वर्ग येतो. त्याच्या लेखी जीप ही कामाची गाडी नसून निष्ठेचा विषय आहे. गोल दिवे, समोरच्या जाळीच्या सात उभ्या खाचा, उघडा टप, मूळ रंग यांवर तेथे तासन्तास वाद झडतात आणि ‘ही खरी, ती बाटलेली’ असे निवाडे होतात.

आम्ही वर्गात साहित्य शिकवतो. तरीही हा वाद आम्हांला परका वाटत नाही, कारण ‘मूळ कोणते आणि प्रक्षेप कोणता’ हा प्रश्न आमच्या विषयाच्या गाभ्याचा आहे. प्रस्तुत लेखात तो प्रश्न या गाडीला विचारून पाहावयाचा आहे.

प्रथम जन्मकथा पाहू. १९४० साली अमेरिकी सैन्याने सुमारे १३५ कारखानदारांना एका हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या टेहळणी गाडीसाठी आवाहन केले. प्रतिसाद दोघांचाच आला. बॅन्टम या लहान कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून पहिला नमुना ४९ दिवसांच्या मुदतीत २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या स्वाधीन केला. वजन १,३०० पौंडांच्या आत असावे ही अट कोणालाच पाळता आली नाही. पुढे ती सैल करावी लागली. बॅन्टमचे आराखडे सैन्याने विलीस आणि फोर्ड यांनाही दाखवले. अखेरीस गाडी ठरली ती विलीसच्या जोरकस इंजिनाची, आणि युद्धकाळात विलीस व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. म्हणजे ज्या वस्तूच्या ‘मूळ’ रूपाबद्दल आपण भांडतो, तिला एक जनक नाही. तिची संहिता आरंभापासूनच तिघांच्या हातची आहे.

ज्या जाळीवरून निष्ठा मोजली जाते, तिचा इतिहास तर याहून बोधप्रद आहे. विलीसच्या पहिल्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. पत्र्यातून एकाच दाबाने काढलेली, स्वस्त आणि हलकी जाळी फोर्डची. तिला नऊ खाचा होत्या. विलीसने ती उचलली. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये आलेल्या नागरी गाडीचे दिवे मोठे झाले आणि खाचा सात उरल्या. आज जिला आत्मचिन्ह मानले जाते, ती सातची संख्या अशी जागेच्या अडचणीतून आलेली आहे. आकाराला कोणी सौंदर्य म्हणून जन्म दिला नव्हता. गरजेने तो दिला आणि सौंदर्य आपण मागाहून पाहिले.

ही गाडी मुंबईत आली त्याची हकिगत वाचकांना ठाऊक असेल. १९४५ साली जे. सी. आणि के. सी. हे महिंद्र बंधू व मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. १९४७ पासून तिने विलीसच्या जीपची जुळणी सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीने आजचे नाव धारण केले. पुढे १९५३ चे, उंच इंजिनामुळे बॉनेटही उंच झालेले ‘सीजे-३बी’ हे रूप येथे रुजले. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, येथे ते पुढे दशकानुदशके चालले. पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन आले. सांगाडा लांबला, मागे समोरासमोर बाकडी आली, टपावर सामानाचा कठडा आला, आणि सैनिकांच्या टेहळणीसाठी जन्मलेली गाडी आठवडेबाजाराला जाणाऱ्या माणसांची, मासळीच्या टोपल्यांची, प्रसंगी बाळंतिणीचीही झाली. शुद्धतावादी या साऱ्याला प्रक्षेप म्हणतील.

येथे आम्हांला आमच्या परंपरेतले दोन दाखले आठवतात. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पुढे कोणी आपली भर घालू नये असे बजावले. विसाव्या शतकात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. व्यासांची स्वहस्ताक्षरातली पोथी मिळाली असा दावा त्या संपादकांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जितके मागे जाता येते तितके ते गेले आणि गाळलेला मजकूर तळटिपांत व परिशिष्टांत जपून ठेवला. दोन्ही ठिकाणी कसोटी पाठाच्या निव्वळ जुनेपणाची नव्हती. तो पाठ त्या ग्रंथाच्या अंतर्गत संगतीत बसतो का, हेही विचारले गेले. गाडीलाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. लांबवलेला सांगाडा आणि समोरासमोरची बाकडी जीपच्या प्रकृतीत बसतात. कारण ‘उपलब्ध साधनांत, वाट नसेल तेथे, माणूस आणि ओझे पोहोचवणे’ हे तिच्या संहितेचे मध्यवर्ती वाक्य आहे.

बाजारपेठेला मात्र संहितेपेक्षा मुखपृष्ठाचे मोल अधिक. महिंद्रने २०१८ मध्ये अमेरिकेत ‘रॉक्सर’ ही जुन्या जीपच्या वळणाची, रस्त्याबाहेर चालवण्याची गाडी आणली, तेव्हा जीप या नावाची तत्कालीन मालक फियाट क्रायस्लर हिने तेथील व्यापार आयोगाकडे तक्रार केली. २०२० च्या जूनमध्ये त्या रूपातील रॉक्सरच्या विक्रीला मनाई झाली आणि दर्शनी भाग नव्याने घडवल्यावर वर्षअखेरीस आयोगाने तिला मोकळीक दिली. जिने सात दशके हा वारसा कामाला जुंपला, तिलाच तो चेहऱ्यावर बाळगण्याचा अधिकार नाही! उलट उदाहरण इंग्लंडचे. २००८ पासून टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरने जुन्या डिफेंडरच्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगितला, तो तेथील उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अमान्य केला. त्या जुन्या गाडीचे उत्पादन २०१६ मध्येच थांबले होते. दोन देशांत दोन निकाल लागले, परंतु भांडण दोन्हीकडे रूपाचेच होते. आत्म्यावर मालकी सांगायला कोणी न्यायालयात गेले नाही, कारण त्याची विक्री होत नाही.

आपल्याकडची ‘थार’ याच संदर्भात पाहण्याजोगी आहे. २०१० ची थार ताडपत्रीच्या टपाची, खडबडीत आणि बरीचशी जुन्या घराण्याची होती. २०२० च्या थारमध्ये पक्के छत, पडद्यावर बोट फिरवून चालणारी यंत्रणा, स्वयंचलित गिअर आले. यावर नाक मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. जुन्या जीपला ना पट्टे होते ना हवेच्या पिशव्या. अपघातात माणूस बाहेर फेकला जाणे हा काही जपण्यासारखा वारसा नव्हे. सुरक्षितता हा प्रक्षेप नसून उशिरा झालेली पाठशुद्धी आहे. आम्ही थबकतो ते २०२३ च्या आरंभापाशी. त्या वेळी केवळ मागच्या चाकांना जोर देणारी थार बाजारात आली. रूप तेच, छाती तशीच पुढे काढलेली. मात्र ज्या एका गुणासाठी १९४० मध्ये हा सारा खटाटोप झाला, तोच काढून ठेवलेला. शहरातल्या ग्राहकाला तो लागत नाही हे व्यापारी गणित चूक नाही. परंतु ज्याला ग्रंथ नको आहे आणि बांधणी हवी आहे, त्याने स्वतःला ग्रंथाचा वारसदार म्हणवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता किनाऱ्याकडे येऊ. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबईची चाके रायगडच्या वाळूला फारच जवळ आली. अलिबाग, काशीद, मुरूडच्या पुळणीवर गाडी उतरवायची, पाण्याच्या कडेने पिटाळायची, छायाचित्रे घ्यायची. भरती आली, चाके रुतली की दोर लावून बाहेर काढायला गावातलाच माणूस शोधायचा. अशा बातम्या आता नावीन्याच्या राहिलेल्या नाहीत. हेच म्हणे ‘मूळ वृत्तीला’ जागणे!

पुळणीवर चाक उमटूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात माणसे नेणारे टांगे येथे आहेत. बैलगाडीही या वाळूला नवखी नाही. पण टांगेवाला भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ ठेवतो, घट्ट वाळू आणि फसवी वाळू घोड्याच्या पावलावरून ओळखतो आणि पाणी वळण्याआधी परततो. त्याचे चाक किनाऱ्याच्या व्याकरणात चालते. पिटाळलेल्या गाडीला व्याकरण नसते. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या पट्ट्यात सागरी कासवे अंडी घालण्यासाठी वाळूत येतात. वरून गेलेल्या गाडीला त्या खड्ड्याचा पत्ताही लागत नाही आणि तिच्या भाराने दबलेल्या वाळूतून इवल्या पिलांना वर येणे कठीण होते. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. अलंकार कितीही मोलाचा असो, स्थान चुकले की तो शोभत नाही. चारही चाकांची ताकद हा असाच गुण आहे. वाट नसलेल्या ठिकाणी पोहोचायचे असेल तर तो गुण. वाट असताना, पोहोचायचे कोठेच नसताना, तीच ताकद केवळ आडदांडपणा.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कोंबून भरलेली, दाराशी माणसे लोंबकळणारी प्रवासी जीप किंवा खडखडणारी मिनीडोअर यांना आम्ही उगाच काव्यात्म करीत आहोत काय? गरिबाच्या गैरसोयीचे कौतुक हा आमच्या ललित गद्याचा जुना दोष आहे, हे आम्ही जाणून आहोत. ती गाडी धोकादायक आहे. वेळेवर येणारी एस.टी. मिळाली तर प्रवासी तिच्याकडे वळूनही पाहणार नाहीत, आणि त्यांनी पाहू नये. आमचा मुद्दा तिच्या हालअपेष्टांचा नाही, तिच्या नात्याचा आहे. ती कोणाच्या तरी गरजेला बांधलेली आहे. नाक्यावरच्या मिस्त्रीला ती उघडता येते, समजते, पुन्हा उभी करता येते. जिथून ती जाते ती वाट तिच्या मालकाची रोजची आहे, म्हणून ती मोडून त्याला चालत नाही. गरज, आकलन आणि भूमीविषयीची भीड या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे जीपचा आत्मा आहे. मग जाळीला खाचा किती हे कोणी मोजू नये. म्हणूनच तीन चाकांची मिनीडोअर आम्हांला या घराण्याची अधिक जवळची नातलग वाटते.

जुन्या गाड्या हौसेने दुरुस्त करून जपणाऱ्यांविषयी आम्हांला आदरच आहे. ते पोथी जपतात आणि पोथी जपलीच पाहिजे. परंतु पोथी कपाटात असणे आणि ग्रंथ वाचला जाणे यांतला फरक साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी सांगावा लागू नये. आपल्याकडे परंपरेच्या नावाने जे वाद चालतात, ते भाषेचे असोत, सणांचे असोत वा गडकिल्ल्यांचे, त्यांतही बहुधा खाचाच मोजल्या जातात. वस्तू कशासाठी जन्मली, ते काम आज कोण करीत आहे, आणि ते करताना भोवतालचे काय मोडते आहे, हे तीन प्रश्न जीपला विचारण्याची सवय लागली, तर कदाचित ते अन्यत्रही विचारता येतील.