हा माणूस कुणाचा?

वर्षभर एकाच प्रश्नाने डोके उठवले आहे. कुणाचाही लेख छापा, वाचण्याआधीच विचारणा होते: हा आपला की त्यांचा? यंदा सीना नदीच्या पुरात उभी पिके गेली, तिकडे रोमला पोप फ्रान्सिस जाऊन लिओ चौदावे आले. पण आमच्या टपालात गाजला तो फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यावरचा लेख. एका वर्गणीदाराने लाल शाईने विचारले, "चर्चचा माणूस पुरोगामी कसा?" दुसऱ्याचा सवाल, "फादरांच्या लेखात चर्च कशाला?"

जानेवारी २०२० मध्ये आमच्या सोलापूरपासून तासा-दीड तासावर, तेव्हाच्या उस्मानाबादेत, फादर ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. विरोधकांना त्यांचा फक्त धर्म दिसला, धमक्यांचे फोनही झाले. आमच्या पुरोगामी मित्रांना दिसला तो फक्त हरित वसईचा लढा. ज्या चर्चचे ते आयुष्यभर धर्मगुरू राहिले, त्या चर्चचे म्हणणे मित्रांनी सोयीने गिळले.

ते म्हणणे गुळगुळीत नाही. १९६८ साली आपल्याकडे भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगत होता, तेव्हा पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवले. तेही त्यांच्याच आयोगाचे बहुमत बाजूला सारून. गर्भपात नाही, घटस्फोट नाही, स्त्रियांना धर्मगुरुपद नाही. पण याच चर्चने २०१५ साली पर्यावरणावर परिपत्रक काढले आणि २०१८ साली फाशीची शिक्षा अमान्य ठरवली. एका पानावर टाळ्या वाजवणारा पुढच्या पानावर हात आखडतो.

आणि याच चर्चमधली एखादी कॅथलिक बाई मत आपल्या विचाराने देते, मुले किती हवीत ते स्वतः ठरवते आणि रविवारची मिस्साही चुकवत नाही. तिला ढोंगी म्हणणे सोपे आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आमचे कितीतरी लाल बावटेवाले नंदीध्वजांपुढे हात जोडतात. त्यांना कुणी हटकत नाही. आत राहून भांडणारा माणूस दोन्हीकडून मार खातो, आणि मला तोच जास्त विश्वासाचा वाटतो.

यंदाच्या अंकाचा विषय 'उंबरठा' आहे. हे सारे त्यात ओढूनताणून बसवले असे कुणी म्हटले, तर म्हणो. गर्भपातावर चर्चची बाजू मांडणारा एक लेख आत आहे, तिला खोडून काढणारा दुसराही आहे. दोन्ही लेखिका कॅथलिक आहेत. पत्रे जरूर पाठवा. फक्त आधी दोन्ही वाचा.